जर्मनीत लोक खातात तरी काय? ज्याला आपण 'जर्मन जेवण' म्हणतो ते नेमकं कुठलं

2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतलेच कितीतरी जण जर्मनचे क्लास लावून बसलेत. माझा भाचा त्यातलाच एक. त्यामुळे ताईचा फोन आला की भाषा, व्हिसा, थंडी असं सगळं बोलून झालं तरी शेवटी गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबते, "अरे पण तो तिकडे खाणार काय? ते लोक नुसतं सॉसेज आणि बटाटेच खातात ना?"

मी स्टुटगार्टजवळच्या एका गावात चार वर्षं राहिलोय, आणि हे वाक्य मी ताईकडूनच नाही तर तिकडे राहणाऱ्या इतर देशांतल्या लोकांकडूनही ऐकलंय. गंमत म्हणजे बोलणाऱ्याने दोन-तीन वर्षं जर्मनीत काढलेली असतात, पण खाल्लेलं असतं ते कॅन्टीनमध्ये, स्टेशनवर, नाहीतर घरी स्वतः केलेलं वरण-भात. त्यात त्यांची चूक नाही, कारण खरं जर्मन जेवण बाहेरच्या माणसाला सहज दिसतच नाही. ते का, हे समजावून सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी थोडा नकाशा

जर्मनी हा एक देश म्हणून जन्माला आला 1871 साली. म्हणजे आपली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली (1853) तेव्हा 'जर्मनी' नावाचा देशच नव्हता. 1815 नंतर तिथे 39 राज्यांचा एक सैलसर संघ होता, प्रत्येकाचा राजा किंवा सरदार वेगळा, नाणी वेगळी, जकात वेगळी. त्याआधी, 1806 पर्यंत, तर असे छोटे-मोठे तुकडे तीनशेच्या आसपास होते. आता विचार करा, दोनशे वर्षांपूर्वी ज्या माणसाला शेजारच्या खोऱ्यात माल न्यायलाही जकात द्यावी लागायची, त्याच्या चुलीवर काय शिजणार? जे त्याच्या शेतात, तळ्यात, जंगलात मिळतं तेच.

आणि जमीन तरी कुठे एकसारखी आहे. उत्तरेला समुद्र, गार वारा, हलकी रेताड माती, तिथे राय नावाचं काळसर धान्य, कोबी आणि मासे. दक्षिणेला गहू आणि डिंकेल म्हणून गव्हाचाच एक जुना प्रकार पिकतो, म्हणून तिथे पिठाचे पदार्थ जास्त. पश्चिमेला ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांच्या काठी द्राक्षं. पूर्वेला बटाटा, काकडी आणि जवस, हो, आपला जवस, त्याच्याकडे मी शेवटी येतो. बटाटा मात्र सगळीकडे दिसतो, पण तोही काही तिथला मूळचा नव्हे, अमेरिका खंडातून आलेला. प्रशिया या तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याच्या राजाने, दुसऱ्या फ्रेडरिकने, 1756 मध्ये फर्मान काढून शेतकऱ्यांना तो लावायला सांगितलं होतं.

यावर अजून एक थर आहे तो धर्माचा. दक्षिणेत आणि ऱ्हाईनकाठी कॅथलिक जास्त, उत्तरेत आणि पूर्वेत प्रोटेस्टंट. कॅथलिक लोक ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मांस वर्ज्य करायचे, म्हणजे साधारण आपण श्रावण पाळतो तसं. आता वर्षातून एवढे दिवस मांस चालत नाही म्हटल्यावर पिठाचे, अंड्याचे, माशांचे पदार्थ आपोआप वाढतात.

म्हणून 'जर्मन जेवण' हा शब्द वापरताना 'भारतीय जेवण' म्हणतो तेवढीच सावधगिरी बाळगावी लागते. मालवणचं माशाचं कालवण आणि नागपूरचा सावजी रस्सा एकाच राज्यातले असले तरी एक नव्हेत, तसंच.

मग बाहेरच्यांना फक्त सॉसेज आणि बिअरच का दिसते?

याची कारणं जेवणात कमी आणि इतिहासात जास्त सापडतात.

पहिलं म्हणजे ऑक्टोबरफेस्ट. म्युनिकमध्ये 1810 साली बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त घोड्यांची शर्यत झाली, त्यातून ही जत्रा सुरू झाली, आणि आज तिथे दरवर्षी साठ लाखांच्या आसपास लोक येतात. जगभरातल्या टीव्हीवर दिसते ती हीच. लिटरभर बिअरचे मग, खारा ब्रेत्झेल, चामड्याची अर्धी विजार. पण हे सगळं बव्हेरिया या एका राज्याचं आहे, आणि राज्यं आहेत सोळा.

दुसरं कारण दुसऱ्या महायुद्धानंतरचं. 1945 मध्ये देशाचे चार भाग झाले आणि बव्हेरिया अमेरिकनांच्या वाट्याला आला. हजारो अमेरिकन सैनिक तिथे वर्षानुवर्षं राहिले, बायकामुलांसह राहिले, आणि परत गेल्यावर त्यांनी 'जर्मनी' म्हणून जे सांगितलं ते मुख्यतः बव्हेरियाचं होतं. अमेरिकेत ज्याला जर्मन रेस्टॉरंट म्हणतात तिथला मेनू बघा, तो बहुतेकदा म्युनिकच्या बिअर हॉलचा असतो. हॅम्बुर्गच्या माणसाला हे सगळं 'आपलं' वाटत नाही. जर्मनांमध्ये चेष्टेने 'वाइसवुर्स्टची विषुववृत्त रेषा' असा शब्दच आहे. वाइसवुर्स्ट म्हणजे म्युनिकचा पांढरा सॉसेज, आणि ही रेषा कुणी माइन नदीवर काढतं तर कुणी डॅन्यूबवर, पण तिच्या वर गेलं की बव्हेरियाची संस्कृती संपली असं समजायचं.

तिसरं कारण शत्रुत्वाचं. इंग्रजी बोलणारे सैनिक जर्मनांना 'क्राउट' म्हणायचे, म्हणजे कोबीवाले. पहिल्या महायुद्धात तर अमेरिकेत आंबवलेल्या कोबीचं, म्हणजे झाउअरक्राउटचं, नाव बदलून 'लिबर्टी कॅबेज' केलं होतं. एकदा एखाद्या समाजाचं नावच त्याच्या एका पदार्थावरून पडलं की मग बाकीचं ताट कोण बघतो.

आणि ही सवय आजची नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन 98 च्या सुमारास जर्मानिक टोळ्यांबद्दल लिहिलं की यांचं खाणं साधं, रानफळं, ताजी शिकार आणि विरजलेलं दूध. म्हणजे 'काहीतरी साधंसुधं, नटवलेलं नाही' हा शिक्का जवळजवळ दोन हजार वर्षं जुना आहे!

अजून एक, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जर्मन शहरात तुम्ही जेवायला बाहेर पडलात तर रस्त्यावर इटालियन, तुर्की, ग्रीक, व्हिएतनामी हॉटेलं ओळीने दिसतील. त्या भागाचं जेवण मिळतं ते गावातल्या जुन्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाणावळ आणि वर दोन-चार खोल्या अशी जागा, नाहीतर कुणाच्या तरी घरी. आपल्याकडेही डाळिंबी उसळ किंवा वरणफळं किती हॉटेलांत मिळतात? पाहुणा जर कुणाच्या घरी गेलाच नाही तर त्याने पंधरा वर्षं राहूनही ते बघितलेलं नसतं.

स्टुटगार्टची वरणफळं

करार झालाय तो याच राज्याशी, म्हणून इथे जरा थांबतो. बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य 1952 साली जोडून तयार केलंय. पश्चिमेकडचा भाग बाडेन, फ्रान्सला लागून, आणि पूर्वेकडचा मोठा भाग श्वाबन, म्हणजे स्वाबियन लोकांचा. दोघांना एकमेकांत धरलेलं आवडत नाही, तेव्हा फ्रायबुर्गच्या माणसाला स्वाबियन म्हणू नका. स्टुटगार्ट स्वाबियन लोकांचं, आणि 1968 पासून मुंबईचं भगिनी शहर.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. पहिल्या हिवाळ्यात एका शनिवारी त्यांनी मला खाली बोलावलं आणि म्हणाल्या, तुम्ही भारतीय लोक मसूर खाता ना, मग आज इथेच जेवा. चुलीवर एका पातेल्यात अख्खी तपकिरी मसूर शिजत होती, कांदा, तमालपत्र आणि लोण्यात खरपूस भाजलेलं पीठ घालून दाट केलेली. बाजूला दुसऱ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळत होतं. त्यांनी एक लाकडी फळी ओली केली, त्यावर अंडी घालून केलेलं सैलसर चिकट पीठ पसरलं, आणि लांब सुरीने त्या पिठाच्या बारीक बारीक पट्ट्या खरवडून थेट उकळत्या पाण्यात सोडायला लागल्या. हात इतका भरभर चालत होता की फळी रिकामी झाली तेव्हा पहिल्या पट्ट्या फुगून वर तरंगत होत्या, मग झाऱ्याने काढून वाडग्यात. याला श्पेट्सले म्हणतात. त्यावर मसूर ओतली, आणि मग टेबलावरच्या बाटलीतून व्हिनेगरची धार, ती आपल्या चवीप्रमाणे ज्याची त्याने घ्यायची.

पहिला घास घेतला आणि मला आजीची वरणफळं आठवली. तेच शिजलेलं पीठ, तीच डाळ, तोच आंबटपणा, फक्त तिथे चिंच-आमसुलाऐवजी व्हिनेगर आणि फोडणीऐवजी भाजलेलं पीठ. सोबत उकडलेला बारीक सॉसेज देतात, पण तो बाजूला, नको असेल तर नाही घेतला तरी जेवण पुरं होतं. मी चार वर्षांत हा पदार्थ 'जर्मन फूड' म्हणून भारतात कुणाच्या तोंडून ऐकला नाही, आणि स्वाबियन माणसाला विचारा घरचं जेवण कुठलं, तर पहिलं हेच नाव येतं.

दुसरा पदार्थ माउलटाशन. पिठाच्या चौकोनी पाकिटात मांसाचा खिमा, पालक, कांदा आणि भिजवलेला ब्रेड भरतात आणि पाण्यात उकळून सूपसोबत देतात, करंजीचं सारण बंद करतो तसं पण तळलेलं नाही. यांची गोष्ट अशी सांगतात की माउलब्रोन मठातल्या साधूंनी उपासाच्या दिवसांत मांस देवाला दिसू नये म्हणून पिठात लपवलं, म्हणून त्यांचं बोलीतलं नाव आहे 'देवाला फसवणारे छोटे'. गोष्ट दंतकथा असेल, पण गुड फ्रायडेच्या आसपास घरोघरी हे होतंच. 2009 पासून यांना युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे आपल्या नागपुरी संत्र्याला किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जो जीआय टॅग आहे त्याचाच भाऊ. त्या भागात बनल्याशिवाय 'स्वाबियन माउलटाशन' असं नाव लावून विकता येत नाही.

वर-खाली, डावीकडे-उजवीकडे

बाकीचा देश थोडक्यात, कारण प्रत्येकावर एकेक लेख होईल. हॅम्बुर्गला लाब्सकाउस म्हणून खलाशांचं जेवण आहे, खारवलेलं मांस, बटाटा आणि बीट एकत्र कुटून केलेला गुलाबी लगदा, वर तळलेलं अंडं, बाजूला व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा. दिसायला विचित्र वाटतं पण जहाजावर महिनोन्महिने टिकेल असंच खायला हवं ना. लिव्हरपूलच्या लोकांना 'स्काउज' म्हणतात ते याच पदार्थाच्या इंग्रजी नावावरून. ब्रेमेन आणि ओल्डेनबुर्गकडे थंडीत ग्र्यूनकोल, म्हणजे कुरळ्या पानांची केल भाजी, तासन् तास शिजवतात, आणि ती खायला जाण्याआधी सगळी मित्रमंडळी छोटी हातगाडी ओढत मैलोन् मैल चालतात. कोलोनमध्ये 'हाल्व्हर हान' मागवला, म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा, तर समोर येतो राय ब्रेडचा पाव आणि चीजचा जाड तुकडा, म्हणून तिथे मेनू वाचून अंदाज बांधू नये. फ्रँकफर्टला सात ताज्या हिरव्या पाल्यांचा गार सॉस, उकडलेल्या अंड्या-बटाट्यासोबत. थ्युरिंगेनचा भाजलेला सॉसेज, त्याचा लेखी उल्लेख 1404 सालचा आहे.

पूर्व जर्मनीचं वेगळंच. 1949 ते 1990 तो वेगळा देश होता, आणि तेवढ्या चाळीस वर्षांतही चुली वेगळ्या झाल्या. 'येगरश्निट्सेल' पश्चिमेत मागवलं तर मांसाचा काप आणि मशरूमचा सॉस, पूर्वेत मागवलं तर ब्रेडचा चुरा लावून तळलेला सॉसेजचा जाड काप, टोमॅटो सॉस आणि मॅकरोनी. शब्द तोच, ताट दुसरं.

"पण सगळं अळणी असतं ना?"

हा आक्षेप आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा, आणि अर्धा खरा आहे. तिखट नसतं, हे मान्य. पण तिखट नाही म्हणजे चव नाही असं नव्हे. तिथली चव आंबट, खारट, धुरकट आणि झणका या चार खांबांवर उभी असते. मेअररेटिश नावाचं एक मूळ किसून देतात, ते खाल्लं की मोहरी फेसताना नाकात जाते ना, तस्सा झणका बसतो. कोबी आणि डुकराच्या मांसात क्युमल घालतात, आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचं, आणि कारणही आपल्यासारखंच, पोटाला जड पडू नये, जसं आपण वातूळ पदार्थात हिंग-ओवा घालतो. काकडीच्या कोशिंबिरीत शेपू असतो. हो, शेपू, ज्याची भाजी म्हटल्यावर आपल्याकडे निम्मं घर नाक मुरडतं.

आणि गरम मसाला त्यांना ठाऊक नाही असंही नाही. न्युर्नबर्ग हे मध्ययुगात मसाल्याच्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं, मलबारची मिरी व्हेनिसमार्गे तिथे पोचायची, म्हणून तिथल्या नाताळच्या लेबकुखन केकमध्ये लवंग, दालचिनी, वेलची असते. फक्त आपण मसाला रोजच्या भाजीत घातला आणि त्यांनी सणाच्या गोडात ठेवला, कारण तो तिथे सोन्यासारखा महाग होता.

"रात्री गार ब्रेड, हे काय जेवण झालं?"

माझ्या भाच्याला सगळ्यात जड हेच जाणार आहे, मला माहितीये. जुनी पद्धत अशी की गरम जेवण दुपारी एकदाच, आणि संध्याकाळी आबेंडब्रोट, म्हणजे शब्दशः 'संध्याकाळची भाकर'. फळीवर ब्रेड, लोणी, चीज, मांसाचे काप, काकडी, मुळा. आपल्याला वाटतं पाहुण्याला काही केलंच नाही. पण तो ब्रेड म्हणजे आपला पांढरा स्लाइस नव्हे. जर्मन बेकरांच्या नोंदवहीत तीन हजारांहून जास्त प्रकारचे ब्रेड आहेत, आणि 2014 मध्ये देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत ब्रेडची परंपरा घेतलीये. रायच्या आंबवलेल्या पिठाचा पाव कापताना सुरीला जोर लावावा लागतो, वास आंबूस असतो, चावायला वेळ लागतो, आणि एक तुकडा खाल्ला की पोट भरतं, ज्वारीच्या भाकरीसारखं. भाकरीशी तुलना केली की आबेंडब्रोट समजतं, स्लाइसशी केली की समजत नाही.

"मग डोनर आणि करीवुर्स्ट जर्मन की नाही?"

करीवुर्स्ट तर जर्मनच, बर्लिनच्या हेर्टा हॉयवर या बाईंनी 4 सप्टेंबर 1949 रोजी आपल्या टपरीत सॉसेजवर टोमॅटो आणि करी पावडरचा सॉस घालून पहिल्यांदा केला असं मानतात, हॅम्बुर्गवाले मानत नाहीत ते सोडा.

डोनरचं जरा गुंतागुंतीचं आहे. 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार जर्मनीत आले, त्यांच्यासोबत उभ्या सळईवर भाजलेलं मांस आलं, आणि बर्लिनमध्ये ते पावात भरून, भरपूर कोबी-काकडी आणि सॉस घालून, हातात धरून खायचा पदार्थ झाला. 2022 मध्ये तुर्कस्तानातल्या एका संघटनेने युरोपियन युनियनकडे अर्ज केला की डोनर म्हणजे काय याचे नियम ठरवा, कुठलं मांस चालेल, काप किती जाड हवा. जर्मनीत यावर मोठी चर्चा झाली, कारण तिथे वासराचं आणि टर्कीचं मांस सर्रास वापरतात आणि ते नियमात बसलं नसतं. 2025 मध्ये तो अर्ज मागे घेतला गेला. माझं मत विचाराल तर पन्नास वर्षं जे लोक त्या शहरात राहून, त्या शहरासाठी रांधतात, त्यांचं अन्न त्या शहराचंच. बटाटाही बाहेरूनच आला होता की.

"मी शाकाहारी आहे, माझं कसं होणार?"

ताई, हे खास तुझ्यासाठी. सोपं आहे असं म्हणणार नाही, पण वाटतं तितकं कठीण नाही. अडचण एकच, श्पेक. म्हणजे डुकराच्या चरबीचे बारीक खारवलेले तुकडे. परतलेले बटाटे, फरसबी, झाउअरक्राउट, मसुरीसुद्धा, अशा दिसायला शाकाहारी पदार्थांत ते हळूच असतात आणि वाढणाऱ्याला ते मांस वाटतच नाही, नुसती चव वाटते. म्हणून "मांस आहे का" असं न विचारता "ओने श्पेक?" म्हणजे श्पेकशिवाय आहे का, असं विचारायचं. अंडं चालत असेल तर चीज घातलेले श्पेट्सले आहेत, किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत घावन आहेत, ते सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर खातात. अंडंही चालत नसेल तर कॅन्टीनमध्ये दुपारचं मुख्य जेवण म्हणून चक्क दाट तांदळाची खीर मिळते, वर दालचिनी-साखर, पण एकदा विचारून घ्यायचं.

आणि पूर्वेकडच्या श्प्रेवाल्ड भागात जाणं झालंच तर सालासकट उकडलेले बटाटे, क्वार्क आणि जवसाचं तेल हे नक्की खायचं. क्वार्क म्हणजे साधारण आपला चक्का, साखर न घातलेला. त्यात कांदा आणि मीठ कालवून बटाट्यावर घ्यायचा आणि वरून घाण्याचं पिवळंधम्म, किंचित कडसर जवसाचं तेल. ज्याने विदर्भ-मराठवाड्यात भाकरीबरोबर जवसाची चटणी खाल्लीये त्याला तो वास लगेच ओळखू येईल.

घरमालकीणबाईंच्या मसुरीचं एक सांगायचं राहिलं. स्टुटगार्टच्या दक्षिणेला स्वाबियन आल्ब म्हणून दगडाळ पठार आहे, तिथे शतकानुशतकं मसूर व्हायची, पण मेहनत जास्त आणि पीक कमी म्हणून महायुद्धानंतर लोकांनी ती लावणंच बंद केलं आणि तिथलं जुनं वाण नाहीसं झालं. त्यांच्या लहानपणीची चव त्यांना पुढे कितीतरी वर्षं मिळाली नाही. 1980 च्या दशकात एका शेतकरी कुटुंबाने परदेशी बियाण्यावर पुन्हा मसूर लावायला सुरुवात केली, सोबत जुनं वाण शोधत राहिले, आणि 2006 मध्ये ते सापडलं रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणं-पेढीत. मूठभर दाणे परत आले, वाढवले गेले, आणि आता ती मसूर 'आल्ब-लाइझा' नावाने विकली जाते. त्या शनिवारी पातेल्यात तीच होती. दुकानातल्या साध्या मसुरीपेक्षा बरीच महाग, आणि बाईंनी ती पाकिटासकट मला दाखवली होती.